भेंडीला ‘नको’ कळत नाही: पार्ल्यातल्या एका हॉटेलाचं प्रकरण

३० जुलै २०२३, रविवार. पार्ले पूर्वेतल्या एका चौतीस खुर्च्यांच्या हॉटेलात एक निवृत्त मास्तर सून आणि नातवाला घेऊन जेवायला आले. मेनूकार्डावर ठळक अक्षरांत ‘वाड्याच्या मळ्यातून’ आणि त्याखाली तिसऱ्या ओळीत टोमॅटोचं सार. मास्तर मूळचे वाडा तालुक्यातल्या कुडूसचे. त्यांनी सार चाखलं, वाटी खाली ठेवली आणि वाढणाऱ्या पोराला विचारलं, “बाळा, आमच्याकडे या दिवसांत टोमॅटो कुठे पिकतो रे? लावणीचा चिखल अजून पायाचा निघाला नाही.”

पोराने मालकीणबाईंना बोलावलं. त्या आत गेल्या. वस्तादांनी कढईवरची नजर न हलवता सांगितलं, “टोमॅटो दादरचा. भेंडी दादरची. कंटोळीपण दादरची. कालपासून सगळं दादरचंच आहे, ताई.”

मी छोट्या हॉटेलांचं आणि खानावळींचं कॉस्टिंग बघते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ताईंचा फोन आला. म्हणाल्या, “वाड्याच्या भाऊंचा काही भरवसा राहिला नाही. दुसरा शेतकरी बघून दे.” मी तीन महिन्यांची बिलं, टेम्पोच्या पावत्या आणि दोघांमधले व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप वाचून काढले. दुसरा शेतकरी आणला असता तर त्याचंही दोन महिन्यांत हेच झालं असतं, असं माझं मत झालं. ते का, हे मांडण्यासाठी हे प्रकरण लिहिते आहे. ताईंनी आणि भाऊंनी परवानगी दिली आहे, नावं मी दिलेली नाहीत.

मुळातली मांडणी

हॉटेल जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. शेतातला माल थेट ताटात आणायची ही कल्पना जगाला नवी नाही. अ‍ॅलिस वॉटर्स यांनी बर्कलीत ‘शे पनीस’ १९७१ साली काढलं, आणि आपल्याकडे २०१५ ला ‘द बॉम्बे कॅन्टीन’ आल्यापासून मुंबईतल्या बऱ्याच हॉटेलांनी टाकळा, अंबाडी यांना मानाने मेनूवर घेतलं. (दादर स्टेशनबाहेर पाटी मांडून बसणाऱ्या बायका हे कधीपासून करतायत ते त्यांनाच विचारावं.)

ताईंचा तांदूळ वाडा कोलम, कांदा अलिबागचा पांढरा. कोलमला २०२१ मध्ये आणि अलिबागच्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे कार्डावर लिहायला दोन्ही शोभून दिसत. पण तांदूळ पोत्यात राहतो आणि कांद्याच्या माळा टांगून ठेवता येतात. जो माल साठतो तो कुणाची परीक्षा घेत नाही. परीक्षा भाजीची.

भाजी वाड्याच्या भाऊंकडून. त्यांची दोन एकर वरकस (भातासारखी सपाट नसलेली, हलकी) जमीन, एक विहीर, मांडवावर शिराळी, कारली, काकडी, खाली भेंडी. शेजारच्या पाड्यावरच्या बायका पावसाळ्यात रानभाज्या आणून त्यांच्याकडे द्यायच्या, त्याही ते पाठवायचे. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आहे, तेव्हा थेट खरेदीला कायद्याची आडकाठी नव्हती. व्यवहार तोंडी होता: मंगळवार, गुरुवार, शनिवार टेम्पो येणार, किती माल लागेल ते ताई आदल्या दिवशी कळवणार, सगळ्या भाज्यांना मिळून सरासरी ५५ रुपये किलो, टेम्पोभाडं हॉटेलचं, हिशेब महिनाअखेर. निरोपांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, “लागेल तेवढं घेऊच, भाऊ.” त्यातल्या ‘लागेल तेवढं’ या दोन शब्दांवर पुढे सगळं घसरलं.

जून मात्र फार छान गेला होता. पहिल्या सरींबरोबर शेवळं आली. शेवळं ज्यांनी साफ केली नाहीत त्यांना ती स्वस्त भाजी वाटते. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं अगदी बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि काकडांच्या, म्हणजे शेवळांबरोबर वापरायच्या रानफळांच्या, आंबट रसात शिजवायचं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आंबट कमी पडलं किंवा घाई झाली की घसा धरतो. पहिल्या दिवशी एका नव्या पोराने हाताला तेल न लावता दोन किलो शेवळं सोलली आणि संध्याकाळपर्यंत चिंचेच्या पाण्यात हात बुडवून बसला. सीकेपी घरांत यात कोलंबी पडते. मासेमारी १ जूनपासून बंद, म्हणून वस्तादांनी सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घातले. लोक फोन करून जागा राखू लागले.

कॉस्टिंगच्या नजरेने बघितलं तर शेवळांच्या एका ताटात भाजीपेक्षा मजुरी जास्त होती, आणि तो खर्च कुठेच धरलेला नव्हता. पण गर्दी असली की असल्या चुका दिसत नाहीत.

एक गुरुवार

त्या वर्षी अधिक श्रावण होता. १८ जुलैला अधिक महिना लागला आणि निज श्रावण थेट १७ ऑगस्टला. काही घरांनी जुलैपासूनच सोवळं-ओवळं धरलं, काहींनी ‘खरा श्रावण अजून लांब आहे’ म्हणत चापून खाल्लं. किती माणसं येतील याचा ताईंचा अंदाज रोज चुकत होता. त्यात सांताक्रूझच्या वेधशाळेत तोपर्यंतचा सर्वात जास्त पावसाचा जुलै नोंदवला गेला तोही हाच.

२७ जुलैला, गुरुवारी, हवामान खात्याच्या इशाऱ्यामुळे शाळांना सुट्टी होती. वाड्याहून पहाटे निघालेला टेम्पो साडेसातऐवजी अकराला पोचला. आत ४८ किलो भाजी. दिवसभरात ताटं गेली नऊ. एरवी सत्तरच्या आसपास जातात.

रात्री ९.४० ला ताईंनी भाऊंना लिहिलं: “शनिवारचा माल नको. आजचाच पडून आहे.” खाली हात जोडल्याची खूण.

ताईंच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. फ्रीज भरलेला, पालेभाजी कुजायला लागलेली, पगाराची तारीख चार दिवसांवर. पण हा निरोप वाड्याला पोचतो तेव्हा काय होतं ते बघा. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस राहिली की जून होते, आणि झाडावर जून भेंड्या राहिल्या की नवी फळं धरायची कमी होतात. म्हणजे विकायची नसली तरी तोडायची, तोडणाऱ्या बाईची मजुरी द्यायची. काकडीचं तेच. भेंडीला ‘नको’ कळत नाही. पाड्यावरच्या बायका तर शुक्रवारी सकाळीच रानात जाऊन कंटोळी आणि कुरडू घेऊन आल्या होत्या. त्यांना भाऊ काय ‘गिऱ्हाईक नाही आज’ म्हणून परत पाठवणार?

त्यांनी पदरचे पैसे दिले आणि माल बायकांच्याच हाती दादरला पाठवला. वाड्याला रेल्वे नाही. आधी जीपने स्टेशन गाठायचं, मग लोकलच्या लगेजच्या डब्यातून टोपल्या न्यायच्या. भाव पडेल तो घ्यायचा, कारण संध्याकाळी टोपल्या परत आणणं कुणालाच परवडत नाही. त्या दिवशी भाव मात्र चांगला मिळाला, आणि हॉटेलच्या दृष्टीने तेच वाईट झालं. पैसे रोख, त्याच दिवशी, आणि ‘नको’ म्हणणारं कुणी नाही.

शुक्रवारी दुपारपासून हॉटेलचा फोन वाजायला लागला. शनिवारी मोहरमची सुट्टी, सगळ्या जागा भरल्या. ताईंनी संध्याकाळी भाऊंना फोन लावला. ते म्हणाले, “माल गेला, ताई.” आवाजात राग नव्हता असं ताई सांगतात. वस्तादांनी कुणाला न विचारता पहाटेच्या लोकलने एका पोराला दादरला पाठवलं. कढई रिकामी ठेवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकले नाही. कार्ड छापलेलं, बावीस पदार्थ, त्यात टोमॅटोचं सार बारमाही. त्या महिन्यात टोमॅटो शंभराच्या वर गेला होता तरी सार कार्डावर होतंच.

दादरहून आलेली पोती उघडल्यावर वस्तादांच्या लक्षात एक गोष्ट आली. कुरडूच्या जुड्या केळीच्या सोपटाने बांधलेल्या, दोन वेढे आणि गाठ बुडाशी न मारता बाजूला. जूनपासून आठवड्यातून तीनदा ते ही गाठ सोडत होते. १४० रुपये किलोने ठरलेली कंटोळी त्यांनी दादरला २६० ने आणली होती, आणि ती बहुधा त्याच पाड्यावरची होती. मी नंतर भाऊंना विचारलं तर ते हसले. “आमच्याच बायका. दुसरं कोण तसली गाठ मारतंय?”

म्हणजे त्या रविवारी कार्डावरचा मथळा कुरडूपुरता खरा निघाला, सारापुरता खोटा. मास्तरांनी आवाज चढवला नाही, बिल पूर्ण दिलं. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांविषयीचे नियम बघितले तर ‘ताजं’, ‘नैसर्गिक’ हे शब्द वापरायलाही अटी आहेत. गावाचं नाव घालून टोमॅटो विकणं त्याहून अवघड जागेचं दुखणं.

हिशेब

ताईंची समजूत अशी की माल जवळचा आणि थेट, मधला दलाल नाही, म्हणजे स्वस्त पडणार. आठवड्याला तीन फेऱ्या, दर फेरीला ४८ किलो, म्हणजे १४४ किलो. ५५ ने ७,९२० रुपये. टेम्पो फेरीला ३,२००, तीन फेऱ्यांचे ९,६००. भाजीपेक्षा भाडं जास्त! दोन्ही मिळून किलोला जवळपास १२२ रुपये. भाऊंच्या हातात मात्र ५५, तेही महिनाअखेर, आणि त्यातून तोडणीची मजुरी वजा.

महिनाअखेरीचं कारण विचारलं तर ताई म्हणाल्या की आधीच्या हिशेबनीसांनी सांगितलं होतं, दहा हजारांवर रोख द्यायचं नाही, एकदम बँकेतून द्या. यात गंमत अशी की आठवड्याचं बिल दहा हजारांच्या आतच होतं. ते साठवून साठवून यांनीच तीस हजारांचं केलं. शिवाय शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला तर आयकरातली ती रोखीची मर्यादा लागूच होत नाही. एका अर्धवट सल्ल्यापायी भाऊ महिनाभर हॉटेलला बिनव्याजी पैसे वापरायला देत होते.

आता सगळं एका ओळीत ठेवून बघितलं. पाऊस पडला, नुकसान भाऊंचं. श्रावण कधी धरायचा यावरून गिऱ्हाईक कमी झालं, नुकसान भाऊंचं. झाडाला भेंडी जास्त धरली, भाऊंचं. हॉटेल वाड्याचं नाव कार्डावर छापत होतं, पण वाड्याची जोखीम एका पैशाचीही घेत नव्हतं. वाशीच्या घाऊक बाजारातला व्यापारीसुद्धा आलेला माल पडत्या भावात का होईना उचलतो. ‘आज येऊच नका’ असं शेतात तयार असलेल्या भाजीला तोही सांगत नाही. म्हणून मी म्हटलं, शेतकरी बदलून उपयोग नाही.

तोडगा निघाला तो असा

मी आधी चुकीचा उपाय सुचवला. महिन्याच्या मालाचे तीस टक्के आगाऊ द्यावेत, म्हणजे भाऊ बांधले जातील. ताईंना पटलं. आम्ही दोघी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वाड्याला गेलो. ओटीवर चहा झाला, मी आकडे सांगितले. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आगाऊ नको, ताई. आमच्या पाड्यावरची निम्मी माणसं वीटभट्टीची उचल घेऊन दिवाळीनंतर जातात. पावसाळ्यापर्यंत ती भट्टीवाल्याची. उचल घेतली की मी तुमचा गडी झालो. मला पैसे आधी नकोत. नक्की हवेत.”

आधी आणि नक्की यातला फरक मला वीस वर्षं आकडे मांडून कळला नव्हता.

मग उलट बाजूने मांडणी केली. हॉटेलने दर आठवड्याला भाजीचे ९,००० रुपये द्यायचे, मोजून, दर शनिवारी, हॉटेल चालो न चालो. त्या बदल्यात भाऊंनी १३० किलोपर्यंत माल द्यायचा, पण कुठला ते शेत ठरवेल, ताई नाही. फेऱ्या तीनऐवजी दोन. टेम्पो रिकामा धावू नये म्हणून पार्ल्यातल्याच दोन सोसायट्यांना जोडून घेतलं. त्यांची आठवड्याची ९० किलोची मागणी. २२० किलोत ६,४०० रुपये भाडं वाटलं तर हॉटेलच्या वाट्याला साधारण ३,७८० येतात. सगळं मिळून किलोला ९८ रुपये. भाऊंना ५५ च्या जागी ६९, हॉटेलला १२२ च्या जागी ९८. नुकसान झालं ते टेम्पोवाल्याचं, त्याची आठवड्याची एक फेरी गेली. त्याने ते मला बोलून दाखवलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं अवघड काम स्वयंपाकघरात होतं. बावीस पदार्थांचं कार्ड काढून टाकलं. सहा पदार्थ कायम ठेवले, सगळे कोरड्या मालावरचे: वालाचं बिरडं, पिठलं, कोलमचा भात, तशा जातीचे. बाकी ‘आजचं ताट’, जे सकाळी टेम्पो उघडल्यावर ठरणार आणि खडूने पाटीवर लिहिलं जाणार. टोमॅटोचं सार गेलं, कोकमाचं आलं. वस्ताद पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं रास्त होतं: बावीस पदार्थांच्या कार्डात त्यांना आदल्या रात्री अर्धी तयारी करून ठेवता यायची, आता सकाळी आठला शिराळ्यांचा ढीग समोर येतो आणि बाराला वाढायचं असतं. एक हातमदतनीस वाढवावा लागला. तो पगार धरला तर वर दाखवलेल्या बचतीतलं फारसं उरत नाही, हे इथे लिहिलं नाही तर माझे आकडे अर्धे खोटे ठरतील.

जास्त झालेल्या मालाचं काय करायचं ते मात्र त्यांनीच शोधलं. शिराळ्यांच्या शिरांची चटणी तर सगळेच करतात. जून झालेल्या मोठ्या काकड्या आल्या की ते रवा आणि गूळ घालून धोंडस भाजायला लागले, पातेल्यावर झाकण आणि वर निखारे, आजीच्या पद्धतीने. चार आठवड्यांत धोंडसासाठी माणसं यायला लागली, आणि एका शनिवारी वस्तादांनी भाऊंना फोन करून विचारलं, “काकड्या जरा जास्त जून करता येतील का?” मी तिथेच उभी होते.

पहिला पेच गणपतीत आला. १९ सप्टेंबरला चतुर्थी. वाढणारी सगळी पोरं कोकणात, हॉटेल चार दिवस बंद. ९,००० तर द्यायचेच. ताईंनी दिले, पण कुरकुरत. माल मात्र आला, कारण दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, म्हणून परसातलं आणि रानातलं गोळा करून ऋषीची भाजी करायची. अळू, माठ, भेंडी, शिराळी, पडवळ, भोपळा, सगळं टेम्पोत होतं आणि सोसायटीच्या फाटकाशी तासाभरात संपलं. आता ते पैसे कुणाचे? माल हॉटेलने घेतलेला, विकला भाऊंनी. ताई म्हणाल्या राहू दे, भाऊ म्हणाले राहू कसं देऊ. मी दोघांना वहीत लिहायला लावलं: हॉटेलच्या वाट्यातला माल बाहेर विकला गेला तर पैसे निम्मे-निम्मे. चांगुलपणावर चालणारे व्यवहार पहिल्या वाईट महिन्यात तुटतात, असा माझा अनुभव आहे.

उन्हाळ्याचा प्रश्न आम्ही विचारातच घेतला नव्हता. एप्रिलनंतर भाऊंच्या विहिरीचा तळ दिसतो. २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये वाड्याहून हिरवी भाजी जवळजवळ आलीच नाही. भाऊंचं म्हणणं, ठरलं ते ठरलं, रक्कम चालू ठेवा, पुढच्या पावसाळ्यात भरून देतो. ताईंचं म्हणणं, दोन महिने कशाचे पैसे देऊ? चार फेऱ्या फोनवर झाल्या. शेवटी आठवड्याला ४,५०० वर जमलं आणि त्या बदल्यात सुके वाल, तूर आणि पोतंभर कोलम आला. ताईंना अजूनही वाटतं की त्यांनी जास्त दिले, भाऊंना वाटतं की कमी मिळाले.

त्या दोन महिन्यांत हॉटेलच्या पाटीवर खडूने रोज लिहिलेलं असायचं: ‘वाड्याहून: वाल, तूर, तांदूळ. दादरहून: बाकी सगळं.’ दुसरी ओळ पुसून टाका, गिऱ्हाईक बिचकेल, असं वस्ताद रोज सकाळी म्हणायचे. ताई ती रोज पहिल्या ओळीएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायच्या.